जोसायाच्या दोन बायका

एकनाथ विनायक सरपोतदार हे अख्ख्या टेक्सासातले सर्वांत थोर वंशशोधक गुप्तहेर होते. हे मत त्यांचं स्वतःचंच असलं, तरी ते त्यांनी पूर्ण विचारांती बनवलं होतं. तीस वर्षं त्यांनी जमिनीखालच्या पाइपलाइनींची गळती शोधली होती. "चार फूट मातीखालचं भोक ज्या नजरेला दिसतं, तिला दोनशे वर्षं म्हणजे काय?" असं ते आपल्या शुगर लँड गावातल्या प्रत्येक जेवणात, कोणी न विचारता सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी तीन प्रकरणं हाताळली होती. त्यातली दोन त्यांच्याच हरवलेल्या चष्म्याची होती आणि तिसऱ्यात शेजाऱ्यांच्या मांजराला फुकटचा मनस्ताप झाला होता.

चष्मा दोन्ही वेळा मृणालिनीबाईंना सापडला. त्या या गुप्तहेराच्या सहायक. नेमणूक लग्नातच झाली होती आणि राजीनाम्याची सोय नव्हती.

चौथं प्रकरण विहीणबाईंनी आणलं. लेकीला, अंतराला, मुलगा झाला होता आणि रविवारी बारसं होतं. जावयाची आई डॉरथी त्यासाठी मुद्दाम आली होती. तिची एकच इच्छा होती, की बाळाला जोसाया टीगचं नाव मिळावं. हा तिच्या माहेरचा मूळपुरुष. इंग्रजी अमलात पेनसिल्व्हेनियात शिपाई होता, आणि पुढे सरहद्दीवरच्या रानात झाडं तोडून त्यानं शेत उभं केलं, एवढं तिनं आजीकडून ऐकलं होतं. बाकी सगळं बुटाच्या एका खोक्यात होतं. त्यातून चार गोष्टी कळल्या तर बारशाला सांगता येतील, असं म्हणून तिनं ते खोकं एकनाथरावांपुढे ठेवलं.

पहिल्याच कागदात होतं, की १७५८ साली जोसाया 'इंडियन वॉर'मध्ये लढला. एकनाथराव ताडकन उठले. १७५८ म्हणजे पानिपताच्या तोंडावर! हा गृहस्थ मराठ्यांवर चालून आला होता तर. त्या दिवशी ते विहीणबाईंशी मोजकंच बोलले. शेवटी अंतरा म्हणाली, "बाबा, ते इंडियन म्हणजे आपण नाही. नेटिव्ह लोक, इथले मूळ रहिवासी."

"चूक कोलंबसानं केली," एकनाथराव म्हणाले. "ती माझ्या माथी का?"

पुढे गुंता वाढला. जोसायाची बायको हॅना, मुलगा सॅम्युएल. १७७९ साली जोसाया वारला आणि पुढे हॅनाही त्याच्याच शेजारी विसावली. पण केंटकीच्या कागदांत हाच जोसाया टीग १८०३ साली रिबेका नावाच्या बाईशी लग्न लावत होता. बुधवारी एकनाथरावांनी जुळ्या भावाचा सिद्धांत मांडला. जुळ्यांना एकच नाव कोण देईल, असं मृणालिनीबाईंनी विचारल्यावर तो गुरुवारी मागे घेतला.

शुक्रवारी पोहे खाताना अंतिम निकाल आला. जोसायानं मरणाचं सोंग केलं. बायकोपोरांना वाऱ्यावर सोडून तो केंटकीला पळाला आणि तिथं दुसरा संसार थाटला. "आणि निगरगट्ट किती! तिथं बापाचं नाव काय लिहिलंय? सॅम्युएल. पोटच्या पोराला बाप केलं!"

डॉरथीनं चमचा खाली ठेवला. मी चार वर्षांची असताना माझे वडील आम्हाला सोडून गेले, ती म्हणाली. घराण्यात एक तरी पुरुष थांबणारा होता, असं मी आजवर धरून चालले होते. मग म्हणाली, "बाळाला ते नाव नको."

मृणालिनीबाईंना नवऱ्याचा इतका राग यापूर्वी एकदाच, मांजराच्या वेळी, आला होता. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली आणि खोकं पुढ्यात ओढलं. पाच मिनिटं कागद खालीवर केले.

"अहो, तुमच्या आजोबांचं नाव काय?"

"एकनाथ विनायक. त्याचा इथं काय संबंध?"

"वडिलांचं?"

"विनायक एकनाथ."

"आणि तुमचं?"

"एकनाथ वि..." म्हणता म्हणता एकनाथरावांनी केंटकीचा कागद उचलून पुन्हा वाचला.

केंटकीचा जोसाया हा नातू होता. आजोबा गेल्यावर वर्षभरात सॅम्युएलला मुलगा झाला आणि त्यानं त्याला वडिलांचं नाव दिलं. दोन जोसाया, एकेक बायको. यात रहस्य एवढंच, की ते एकनाथ विनायकांना दिसलं नाही.

"म्हणजे तो गेला नव्हता?" डॉरथीनं विचारलं.

"कुठंही नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या. "लढाईवरून आला तो त्याच रानात, त्याच बायकोजवळ राहिला. अजून तिच्याच शेजारी आहे."

डॉरथीनं त्यांचा हात धरला आणि ती रडली. मृणालिनीबाईंनाही रडू आलं.

"मला थोडा संशय होताच," एकनाथराव म्हणाले.

"आठवडाभर त्या भल्या माणसाला नावं ठेवलीत. आता बाळाचं नाव ठेवू द्या."

जावयाला बहीण नव्हती, म्हणून रविवारी आत्याच्या जागी डॉरथीच पाळण्याशी वाकली. नातवाला आजोबांचं नाव द्यायचं, हे आता तिला पक्कं कळलं होतं. तिनं बाळाच्या कानात सांगितलं, पण हॉलभर ऐकू गेलं: "जोसाया एकनाथ."

आमच्यात जिवंत माणसाचं नाव देत नाहीत, असं मृणालिनीबाई सांगणार होत्या. पण शेजारी एकनाथराव चष्मा काढून डोळे पुसत होते, तेव्हा त्यांनी पाळण्याला झोका दिला.

डोळे पुसून झाल्यावर एकनाथरावांना चष्मा सापडेना. त्यांनी हॉलमधल्या चौघांवर संशय घेतला. मृणालिनीबाईंनी पाळण्यात पाहिलं. चष्म्याची काडी धाकट्या एकनाथानं घट्ट धरून ठेवली होती.