तारामावशींची भाजीमंडई

तुम्ही तारामावशींच्या समोर उभे असा, त्यांनी तुम्हाला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलेलं असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : "कोण बोलून राह्यलं?"

मी मास्तर म्हणून बदनापूरला बदलून आलो, त्याच आठवड्यात शाळेची माहिती ईमेलने पाठवायची होती. स्टेशनरोडला एक नेट कॅफे दिसला. आत स्टुलावर साठीकडे झुकलेल्या एक बाई बसल्या होत्या. मी म्हणालो, "मेल करायचाय."

"कोण बोलून राह्यलं?"

मी मागे वळून पाहिलं. दुकानात आम्ही दोघंच.

"मी," मी म्हणालो.

"मी तं सगळेच असतेत. नाव सांगा, गाव सांगा, काय करता ते सांगा. मंग लाईन मिळंल."

मी सगळं सांगितलं. आडनाव ऐकून त्यांना माझे एक चुलते आठवले, चेहऱ्याने नव्हे, आवाजाने. वीस वर्षांपूर्वी ते दर रविवारी नाशिकला ट्रंककॉल लावायचे म्हणे.

मग उलगडा झाला. तारामावशी टेलिफोन ऑपरेटर होत्या. हाताने तारा जोडायचे दिवस, तेव्हा अर्ध्या तालुक्याचं सुखदुःख त्यांच्या कानातून पलीकडे जायचं. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं. मावशींनी नोकरी सोडून एसटीडी बूथ टाकला. मग मोबाईल आले आणि बूथ ओस पडला, तेव्हा त्याच जागेत पाच कॉम्प्युटर मांडले. लग्न केलेलं नव्हतं. दुकानामागे एक खोली, तिच्यात एक रेडिओ. रेडिओवर बातम्या लागल्या की त्या त्यालाही विचारायच्या, कोण बोलून राह्यलं? आणि निवेदकाने नाव सांगितलं की खूश व्हायच्या : "याला म्हणतेत माणूस. आधी नाव, मंग बात."

कॉम्प्युटरमधलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. नेट बंद पडलं की म्हणायच्या, "एक्स्चेंज झोपलं." वेळ संपली की ट्रंककॉलच्या सवयीने ओरडायच्या, "तीन मिनिटं झाली!" मग तुम्ही अर्धा तास बसलेले असा की एक तास. पोरं कळवळायची, "मावशी, लढाई चालू हाये!"

"लढाईला सांग, होल्ड कर."

तेव्हा बाकीच्या कॅफेंमध्ये प्लायवूडचे खुराडे असायचे, वर पडदा. मावशींनी सगळे खुराडे काढून टाकले आणि पाचही पडदे, म्हणजे कॉम्प्युटरचे, स्वतःच्या स्टुलाकडे तोंड करून लावले. कॉलेजची मंडळी नाराज झाली. मावशी म्हणाल्या, "ज्याला आडोसा लागतो त्यानं न्हाणीत बसावं." मंडळी पुढच्या चौकातल्या कॅफेत गेली. इथे उरली बारकी पोरं.

त्या पोरांना एका खेळाचं वेड लागलं होतं. जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात शिरायची, मिळून एक गाव वसवायची, विहीर खणायची, डोंगरावरच्या राक्षसाशी लढायची. खेळता खेळता लिहून बोलता यायचं, हेडफोन लावला तर तोंडानेही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मावशी दचकल्याच.

"म्हणजे मास्तर, पलीकडं कोण हाये हे लेकराला माहीत न्हाई?"

"नाही."

"आन लाईन जोडणाऱ्याला?"

"जोडणारं कुणी नाहीच, मावशी. आपोआप जोडते."

दुसऱ्या दिवशी दुकानात कायदा लागू झाला. मोठ्यांनी नाव-गाव सांगितल्याशिवाय बसायचं नाही आणि लहानांनी नाव-गाव कुणालाही सांगायचं नाही. मावशी पंजा उघडून एकेक बोट मोडायच्या. "नाव, गाव, शाळा, फोटू. ह्या चार गोष्टी घरच्या. खेळ भाईरचा. आन काही इपरीत वाटलं तं हे पाचवं बोट, आंगठा. वर करायचा, मी येते."

"पण खेळात नाव लागतंच," एक पोरगं म्हणालं. "मी वाघ घेणार."

"वाघ जगात पन्नास असतील. तू कारलं."

अशी आमच्या बदनापुरात भेंडी, कारलं, वांगं, गवार आणि दोडका ही पाच जणांची फौज उभी राहिली. फौजेचं नाव भाजीमंडई. डोंगरावर चढाई सुरू झाली की रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, इथे लिलाव चाललाय. "अरे कारल्या, मागं हो! भेंडी मेली! भेंडी मेली!" एकदा एक बाई खरंच पिशवी घेऊन आत आल्या होत्या.

दोडका म्हणजे प्रांजल. माझ्याच वर्गातली, चौथीतली. भास्कर टेलरची मुलगी. वर्गात तोंड उघडत नसे, पण राक्षसासमोर उभी राहिली की हिच्या आवाजाने सुतळीबॉम्ब लाजावा. मावशींची ती लाडकी. तसं त्या दाखवत नसत, पण तिच्या खुर्चीवर उशी असायची.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी कॅफेत गेलो, तर मावशींनी मला खुणेनेच स्टुलाजवळ बोलावलं.

"मास्तर, दोडका हळू बोलायला लागला."

"मोठी होतेय."

"न्हाई. आठ दिवसांपासून. बाकीच्यांच्या आधी येऊन बसती. तिच्याकडं सोन्याची तलवार आली. कोणी देली इचारलं तं म्हणती, मित्रानं. लेकरू हळू बोललं की समजावं, लाईनवर तिसरं कोणीतरी हाये."

मी हसलो. खोटं कशाला सांगू, चक्क हसलो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर प्रांजलचा हात थोडा वर गेला. अंगठा निघाला, आणि लगेच आत गेला.

मावशींनी पाहिलं. ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. सावकाश उठल्या आणि तिच्या खुर्चीजवळ चक्क जमिनीवर बसल्या.

"काय गं दोडके, कशी चालू हाये लढाई?"

"काही न्हाई."

"बरं. मलाही ऐकू दे की जरा."

प्रांजलने हेडफोन काढून दिला. जड ओझं उतरवावं तसा दिला. मावशींनी तो कानाला लावला आणि डोळे मिटले. बोट ओठांवर. दुकानातला एकूण एक आवाज थांबला. मग त्यांनी हेडफोनची एक बाजू माझ्या कानाशी धरली.

एका मुलाचा बारीक आवाज होता. "दोडका, फोटो पाठव ना. शाळा कुठली तुझी? उद्या अकरा वाजता तुमच्या बसस्टँडवर येतो मी. कोणाला सांगू नको, आपलं गुपित आहे. सांगितलंस तर तलवार परत घेईन."

पडद्यावर नाव दिसत होतं, राहुल, आणि पुढे अकरा. अकरा वर्षांचा असावा.

"मुलगाच आहे," मी कुजबुजलो.

मावशींनी मान हलवली. माइकवर तळहात दाबून म्हणाल्या, "चाळिशीचा बाप्या हाये. घसा आवळून बोलून राह्यला. लेकरू बोलता बोलता मधातच श्वास घेतं. हा वाक्य संपवून घेतो, कागद वाचल्यावानी. सत्तावीस वर्षं कान दिला मास्तर, मला शिकवू नका."

मावशींनी हात काढला, पाठ ताठ केली, आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला जो मी कधीच ऐकला नव्हता. स्वच्छ, थंड, सरकारी.

"नमस्कार. आपण कोण बोलत आहात? आपलं संपूर्ण नाव सांगा. हा कॉल ऐकला जात आहे."

पलीकडे एकदम बारीक आवाज गळून पडला आणि जाडजूड पुरुषी आवाजात तो बाप्या म्हणाला, "रॉंग नंबर!"

आणि गेला.

दुकानात जो गिल्ला झाला! भेंडी खुर्चीवर चढली, कारलं दाराकडे पळालं, गवारीने विनाकारण प्रिंटर चालू केला. मावशी गरजल्या, "कोणी काही मिटवू नका! लाईन कटली तरी कॉलची चिठ्ठी जपून ठेवायची असती!" हा मात्र शहाणपणाचा सल्ला निघाला. आठ दिवसांचं लिहिलेलं बोलणं तसंच होतं. ते आम्ही छापून घेतलं. त्या माणसाला प्रांजलपर्यंत पुन्हा पोचता येणार नाही अशी सोय मी खेळात करून टाकली, आणि खेळ चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रारही धाडली.

या सगळ्यात प्रांजल भिंतीला टेकून उभी होती. "मी फक्त गावाचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "शाळेचं न्हाई सांगितलं. मावशी, मी अंगठा करणार होते."

"केला की. मी पाह्यला," मावशी म्हणाल्या. "बराबर केलं तू. बिलकुल बराबर."

तिचा हात धरून आम्ही भास्करच्या दुकानात गेलो. कागद वाचून तो मशीनवरून ताडकन उठला. आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि पोरीवर हात उगारला. "आजपासून तुझं ते कॉम्प्युटर बंद!"

मावशी मधे उभ्या राहिल्या. "बंद करायचं तं त्या बाप्याचं करा. हिनं काय केलं? आज हिला मारलं, तं पुढच्या टायमाला ही सांगल कोणाला? तुम्हाला? मला?"

भास्करचा हात हवेतच राहिला. मग तो हळूहळू खाली बसला आणि त्याने प्रांजलला जवळ ओढलं. इतकी जवळ, की तिच्या वेणीला त्याच्या गळ्यातला टेप अडकला.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी कागद ठेवून घेतले. म्हणाले, येतो उद्या स्टँडवर, साध्या कपड्यात. ते आलेही, फक्त पट्टा आणि बूट सरकारी होते. आम्हीही होतोच. भास्कर रसवंतीच्या आड, मी वर्तमानपत्राच्या आड, आणि मावशी उघड्यावर. अकराच्या सुमाराला स्टँडवर जो जो पुरुष उतरला, त्याला त्या गाठून विचारत, "टाइम काय झाला हो?" आवाज ऐकायचा होता. एकाने त्यांना घड्याळ कसं बघतात ते समजावून सांगितलं. दुसऱ्याने घनसावंगीच्या गाडीचा टाइम विचारताहेत असं समजून सगळं वेळापत्रक म्हणून दाखवलं. मावशींनी ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि आमच्याकडे बघून मान हलवली. हा न्हाई.

एक वाजेपर्यंत कुणीच आलं नाही. आम्ही चौघं रस प्यायलो.

तो कोण होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. पंधरा दिवसांनी कंपनीचा इंग्रजीतून मेल आला. मी तो मावशींना वाचून दाखवला : हा खातेदार आणखीही लहान मुलांशी असंच बोलत होता, त्याला खेळातून कायमचं काढून टाकलं आहे. मावशींनी तो मला तीनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "म्हणजे एक लाईन तोडली." आणि सगळ्या पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले.

प्रांजल मात्र येईना. लाजत होती. मावशी एक दिवस दुपारी शाळेच्या फाटकाशीच येऊन उभ्या राहिल्या. "काय गं, मंडईत दोडका न्हाई. राक्षस आमच्यावर हसून राह्यला."

ती आली. उशीवर बसली. आणि त्या शनिवारी भाजीमंडईने राक्षस पाडला! सोन्याची तलवार तिने खेळातल्या नदीत फेकून दिली होती, लाकडी दांडक्याने लढली. शेवटचा घाव दोडक्याचा. तिने जी आरोळी ठोकली ती रेल्वे स्टेशनात ऐकू गेली म्हणतात. मावशी टाळ्या पिटत ओरडत होत्या, "कोण बोलून राह्यलं? दोडका बोलून राह्यला!" भास्कर गळ्यात टेप घेऊन दारात उभा होता आणि काही कळत नसताना नाचत होता.

मे महिना लागला. पोरं आपापल्या मामाच्या गावाला पांगली. प्रांजल औरंगाबादला गेली. मी निकालाची काहीतरी माहिती पाठवायला भर दुपारी कॅफेत गेलो. पाचपैकी चार कॉम्प्युटर बंद होते. पाचव्यासमोर मावशी बसल्या होत्या. मला त्यांनी काहीही विचारलं नाही. त्यांना मी आल्याचंच कळलं नव्हतं.

पडद्यावर खेळातलं गाव होतं. विहिरीजवळ एक हिरवी बाई उभी होती. डोक्यावर नाव, कोथिंबीर. ती चालत नव्हती, लढत नव्हती. नुसती उभी.

"मावशी, खेळताय?"

त्या चपापल्या. "खेळते कुठं. पोरांनी जाताना लाईन जोडायला शिकवलं, नुसती उभी हाये. दुपारच्याला एखादं लेकरू आलं तं घरी कोणी असावं ना."

"किती दिवस उभ्या आहात?"

"सुट्ट्या लागल्यापासून."

मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. आम्ही दोघंही त्या रिकाम्या गावाकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने डोंगराकडून एक आकृती पळत आली, विहिरीच्या कठड्यावर आपटली, पडली, उठली.

"दोडका!" मावशी म्हणाल्या.

"कशावरून? तिच्या नावाने दुसरंच कुणी असेल."

"आपटली न्हाई का? दर टायमाला तिथंच आपटती."

मग त्यांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, इंग्रजी लिपीत लिहिलं : जेवलीस का. पाच मिनिटं लागली. पलीकडून झटकन उत्तर आलं. मी वाचून दाखवलं.

"हो. मावशी, तुम्ही जेवलात का?"

मावशींचं बोट कळफलकावर तसंच राहिलं. मला वाटलं अक्षर सापडत नसेल. मी सांगायला वाकलो, तर त्या पदराने चष्मा पुसत होत्या. मागच्या खोलीत चूल गार होती, दारातून दिसत होती.

"मास्तर," त्या उठत म्हणाल्या, "जरा बसा इथं, तिला जाऊ देऊ नका. लेकराला खोटं कामून सांगायचं? दोन घास खाऊन येते, मंग लिहिते."