केशव गुरुजींची खुर्ची

जयवंताबाई खुर्चीत बसल्या आणि नागपूरच्या त्या संग्रहालयात एकच धावपळ उडाली.

खुर्ची दोरीच्या आत होती. समोर पाटी होती: ‘केशव गुरुजींची खुर्ची. हात लावू नये.’ जयवंताबाईंनी हात लावला नव्हता. दारात चपला काढून त्या आल्या, दोरी उचलली आणि सरळ बसल्या.

“मावशी, उठ वं!” पहारेकरी जागेश्वर ओरडला. “चार वाजता मंत्री येऊन राहिले!”

“येऊ दे. तू आधी तो फोटो पाह्य.”

फोटो सत्तावीस वर्षांपूर्वीचा. पारशिवनीकडच्या गावात, दलित वस्तीला बंदी असलेल्या विहिरीवर घागरी घेऊन निघालेल्या सात बाया आणि त्यांच्या पुढे केशव गुरुजी. खालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘केशव गुरुजी व इतर’. जयवंताबाईंना अक्षरं चाळिशीत गुरुजींनीच शिकवली होती. एकेक अक्षर लावत त्यांनी ते तीनदा वाचलं होतं आणि मगच त्या दोरीकडे वळल्या होत्या.

“हे इतर कोण, गा? सात दिवस जेलात आम्ही होतो. आमची नावं लिहा, मंग उठीन.”

जागेश्वर साहेबांना बोलवायला धावला. तेवढ्यात जरीपटका भागातल्या महिला मंडळाची रांग आत आली. खुर्चीतली म्हातारी पाहून बायकांना वाटलं, ह्या गुरुजींच्या घरच्याच. पहिलीनं चपला काढून पाया पडून घेतलं. मग मागच्या चाळीस जणींना तसंच पुढे जाववेना. दाराशी चपलांचा ढीग झाला. मंत्र्यांसाठी आणलेला हार टेबलावर होता, तो एकीनं उचलून जयवंताबाईंच्या गळ्यात घातला.

संग्रहालयाचे अधिकारी चंपतराव आले ते त्या चपलांत अडखळूनच.

“बाई, हा गुरुजींचा अपमान आहे!”

“गुरुजी असते तर तुमालेच कोपऱ्यात उभं केलं असतं.”

“अहो, एवढीशी चिठ्ठी! सात नावं मावायची नाहीत. जागाच नाही.”

“विहिरीवर बी हेच सांगत होते. जागा नाही म्हणे.”

बायका हसल्या. मग हसणं थांबवून सगळ्याजणी जयवंताबाईंभोवती खाली बसल्या. बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. चंपतरावांनी खिशातून पेन काढलं.

“सांगा लवकर.”

“देवकीचं पहिलं लिहा, ते आता नाही राहिली. प्रयागबाई. शामला. अनुसया. सखूबाई. सिंधू. सिंधू जेलरले चावली होती, ते नका लिहू. आन् मी.”

“तुम्ही यात कुठं आहात?”

“ते घागरीमागं. तोंड नाही दिसत, हात दिसते.”

चिठ्ठी संपली, तशी शेवटची दोन नावं भिंतीवर उतरली. जयवंताबाईंनी बसल्या जागेवरून सातही नावं वाचून घेतली आणि उठल्या. गळ्यातला हार त्यांनी फोटोला घातला.

चंपतराव रुमालानं खुर्ची पुसू लागले. “नशीब, मोडली नाही. गुरुजींची एवढी एकच आठवण उरली आहे.”

“गुरुजींची?” जयवंताबाई दारातून वळल्या. “त्यांची खुर्ची तर जेलातून सुटलो त्याच दिवशी चुलीत गेली. लाकडं ओली होती अन् बायांले चहा पायजे होता. स्वतः कुऱ्हाडीनं फोडली त्यायनं.”

चंपतरावांनी जागेश्वरकडे पाहिलं. जागेश्वरनं छताकडे पाहिलं. पायऱ्यांवर मंत्र्यांची पावलं वाजू लागली.

“मग आता या पाटीवर लिहू तरी काय?”

जयवंताबाई ढिगात आपल्या चपला शोधत होत्या. वर न पाहताच त्या म्हणाल्या, “लिहा न, ‘इतर’.”