शेवट न पाहणारे शिंत्रेअण्णा

शिंत्रेअण्णांनी एकाही लघुपटाचा शेवट पाहिला नव्हता, आणि तरी या कन्नड शहरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकात लघुपटांची परीक्षणं तेच लिहायचे. पुरस्कारासाठी नामांकन मिळालेल्या लघुपटांच्या कॅसेट शिवाजीनगरातल्या एका दुकानातून आणायच्या, बनशंकरीतल्या आपल्या घरी लावायच्या, आणि गोष्ट रंगात आली की उठून व्हीसीआर बंद करायचा.

"आता सांगा, पुढं काय?"

मी त्यांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, पुण्याहून नोकरीसाठी नुकताच आलेला. एकदा चिडून म्हटलं, "अण्णा, दोनच मिनिटं राहिलीत!"

"त्या दोन मिनिटांतच दिग्दर्शक माती खातो. स्वल्प डोकं आपण चालवायचं की!"

मग अंकात छापून यायचं, 'शेवट वगळता उत्तम. शेवट आम्ही पाहिलेला नाही.'

अण्णा मूळचे निपाणीचे, निम्मं बोलणं कन्नड. पण मुलीनं, वैशालीनं, कन्नड मुलाशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा यांचंच डोकं फिरलं. ती इंदिरानगरात राहायची. अण्णा तिकडे फिरकले नव्हते. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, दर गुरुवारी 'देवळात' जायच्या आणि येताना डब्यातून प्रसाद आणायच्या. भरल्या वांग्यांचा प्रसाद मी तरी कुठल्या देवळात पाहिला नाही, पण अण्णा तो दोनदा वाढून घ्यायचे.

एका रविवारी कुठल्याशा थंड देशातला लघुपट होता. एक म्हातारा रुसून गेलेल्या मुलीच्या दारात उभा. हात बेलकडे जातो, पुन्हा खाली येतो. अण्णांनी तिथंच बंद केला.

"वाजवेल तो," मी म्हटलं.

"आणि तिनं दार नाही उघडलं तर?" अण्णांचा आवाज एकदम बसला होता.

अक्का शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इथं बसून काय कळणार? जाऊन बघा की."

अण्णा आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मला म्हणाले, "चल रे सोबतीला."

रिक्षात सबंध रस्ताभर ते रिक्षावाल्याशी वाद घालत होते. वैशालीच्या दारात मात्र त्यांचा हात बेलकडे गेला आणि पुन्हा खाली आला. बेल शेवटी मीच वाजवली.

दार जावयानं उघडलं. अण्णांना पाहताच 'या, या' अशी खूण करत बाजूला होऊन वाकला. "बन्नी मावा, बन्नी."

मावा! मी खूश झालो. पेढ्याबिढ्याचा असणार. वैशाली आतून धावत आली आणि अण्णांचा हात धरून रडायलाच लागली. अण्णाही रडले. मीही डोळे पुसले, पण माव्याचा पत्ता नाही.

"अण्णा," मी हळूच विचारलं, "तो मावा म्हणाला होता ना?"

अण्णा रडता रडता हसले. "येड्या, कन्नडात मावा म्हणजे सासरा. मला म्हणाला तो."

मग जावयाकडे वळले. "मत्तोम्मे हेळप्पा."

एवढं कन्नड मात्र मला कुणी न सांगता कळलं. पुन्हा एकदा म्हण, बाबा.