ट्रॉल्याची हवा

ट्रकमागे जोडलेल्या ट्रॉल्याच्या टायरमध्ये हवा किती असावी, हा विषय मुरुडच्या जयबळी अवजारे सहकारी संस्थेपुढे ऐन सोयाबीन काढणीच्या हंगामात आला. आधीच्या हंगामात अहमदपूरच्या पुढे ट्रॉल्याचं टायर फुटलं होतं. चौकशी झाली. हवा कमी होती, पण ती कमी असण्यास कोणतीही व्यक्ती जबाबदार नव्हती, असा निष्कर्ष निघाला. तेव्हापासून संस्थेत नियम झाला की योग्य हवा सहीनिशी निश्चित झाल्याशिवाय ट्रॉला जागचा हलवायचा नाही.

ही सही करण्याचा अधिकार वाहन विभागाचे प्रमुख शेषेराव यांच्याकडे होता. शेषेराव शिकलेले, सरळ आणि नोकरीला जपणारे गृहस्थ. ट्रॉल्यावर संस्थेचं हार्वेस्टर चढवून ठेवलेलं होतं आणि ते लोह्याकडे जायचं होतं. तिथल्या सभासदांत शेषेरावांची थोरली बहीण गुणाबाईही होती. तिचं सोयाबीन वाळून उभं होतं. आजउद्यात मशीन येतं, असं शेषेरावांनीच तिला सांगितलं होतं.

शेषेरावांनी काम रीतसर केलं. गाडीचं आणि हार्वेस्टरचं वजन कागदपत्रांवरून काढलं आणि लातूरच्या टायर विक्रेत्याला फोन लावला. त्याने वजन ऐकून तक्ता पाहिला आणि आकडे सांगितले. ट्रकच्या पुढच्या टायरांना शंभर पौंड, मागच्यांना एकशे दहा आणि ट्रॉल्याला एकशे वीस, कारण खरा बोजा त्याच्यावर. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची, एवढंच त्याने बजावलं. चहा निवायच्या आत प्रश्न सुटला होता.

मग शेषेरावांनी सहीसाठी पेन उघडलं आणि त्यांच्या मनात आलं, की टायर उद्या कशानेही फुटू शकतं, खिळ्यानेसुद्धा. पण सही मात्र एकट्या आपलीच असेल. त्यांनी पेन मिटलं आणि विषय संचालक मंडळापुढे ठेवला.

अध्यक्ष सिद्रामप्पा हे मोठे आडत व्यापारी आणि सर्वांना धरून चालणारे. त्यांनी प्रत्येकाला बोलू दिलं. एका संचालकाचं म्हणणं पडलं की आपल्या जीपमध्ये तीस पौंड हवा असते आणि आजवर तक्रार नाही. दुसऱ्याने टायरवरच छापलेला आकडा वाचून दाखवला. तो जास्तीत जास्त हवेचा असतो, हे शेषेरावांनी सांगितलं, तर तो संचालक म्हणाला, मग जास्तीत जास्तच भरा, सभासदांना कमी का द्यायचं? संचालिका महानंदाताईंचा आक्षेप तत्त्वाचा होता.

"ओढतो ट्रक, आन् हवा जास्ती ट्रॉल्याला? त्यो तर नुसता मागं मागं यून राहिला. असं कसं चालंल?"

हा आक्षेप इतिवृत्तात नोंदवला गेला. अखेर सर्व मतांची सरासरी काढून सगळ्या टायरांना समान हवा देण्याचा ठराव बहुमताने झाला. शेषेरावांना या आकड्यात धोका दिसत होता. पण ठरावावर सगळ्यांच्या सह्या होत्या, आणि त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

गुणाबाईचा फोन आला. शेंगा तडकायला लागल्यात, म्हणाली, दाणे वावरात सांडून राहिलेत. विषय प्रक्रियेत आहे, असं शेषेरावांनी तिला समजावलं.

हवा भरल्यावर संचालकांची तपासणी समिती सकाळी येणार होती. ती जेवून, भर दुपारी आली. टायर उन्हाने तापलेले, त्यामुळे मापाचा काटा मंजूर आकड्याच्या पुढे गेला. नियमबाह्य हवा तात्काळ काढण्यात आली. दुसऱ्या सकाळी टायर थंड झाल्यावर काटा आकड्याच्या खाली आला. आता संस्थेची हवा गेली कुठे, असा प्रश्न उपस्थित झाला. ड्रायव्हर रविकांतला खुलासा विचारला गेला. आपण फक्त टायरला लाथ मारून पाहिली, हे त्याने कबूल केलं.

शेषेरावांनी उन्हाने हवा फुगते आणि गारव्याने बसते, हे समितीला सांगितलं. सिद्रामप्पांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"शास्त्र बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले. "मग ऊन लागू देऊ नका."

यातून शेडचा ठराव आला. हवा सावलीतच मोजली जावी यासाठी गाडीला पक्की शेड हवी. गाडी हलवायची नाही हा नियम होताच, म्हणून ती उभी होती तिथेच, तिच्याभोवती शेड बांधायला घेतली. भिंती उठल्या, पत्रे पडले. दाराची चौकट लावायच्या वेळी शेषेरावांच्या लक्षात आलं की हार्वेस्टर चौकटीपेक्षा उंच आहे. त्यांनी गवंड्याला हाक मारायला तोंड उघडलं. पण नकाशा बांधकाम समितीने मंजूर केला होता आणि शेषेराव बांधकाम समितीवर नव्हते. ते तोंड मिटून कार्यालयात गेले.

शेडमध्ये मात्र हवेचा निकाल लागला. थंड टायर, स्थिर काटा. मंडळाने पुन्हा अभ्यास करून आकडेही सुधारले. पुढे शंभर, मागे एकशे दहा, ट्रॉल्याला एकशे वीस. सगळ्यांनी सह्या केल्या. त्याच संध्याकाळी लोह्याकडे पाऊस लागला आणि तो सलग पडत राहिला.

पाऊस उघडल्यावर गुणाबाईचा पुन्हा फोन आला. या वेळी तिच्या आवाजात घाई नव्हती.

"शेषा, शेंगातच कोंब फुटलेत रे. रान हिरवंगार दिसून राहिलंय."

शेषेरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक सांग. हवा किती पायजे, हे तुला पहिल्या दिशी ठावं होतं का?"

"हाव, आक्का."

"मग भरून धाडलं का न्हाईस?"

"सही माझ्या एकट्याची झाली असती."

तिने फोन ठेवला. शेषेराव कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, एवढं शिपायाच्या ध्यानात आलं.

हंगाम सरला. संपूर्ण हंगामात एकही टायर न फुटलेली संस्था म्हणून जयबळीची सुरक्षित वाहतुकीच्या पुरस्कारासाठी निवड झाली. लातुरात समारंभ झाला. शाल शेषेरावांच्या खांद्यावर पडली, कारण विभाग त्यांचा होता. त्यांनी ती नाकारली नाही. नाकारायची पद्धत त्यांना ठाऊक नव्हती.

फोटो लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला, खाली ‘संपूर्ण हंगामात एकही टायर फुटलं नाही’ असा मजकूर. मुरुडपासून मुदखेडपर्यंत अभिनंदनाची फुलं, जोडलेले हात आणि उभे अंगठे येत राहिले. ज्यांच्या शेंगांना कोंब फुटले, त्यांचेही अंगठे त्यात होते. फक्त लोह्याहून एका नंबराने फोटो पाहिला आणि काहीच पाठवलं नाही.

तुमच्याही फोनवर तो फोटो आला असेल. तुम्हीही अंगठा दिला असेल, बहुधा खालचा मजकूर न वाचताच. आणि वाचून दिला असेल, तर संस्थेत सध्या संचालकाची एक जागा रिकामी आहे.