चार कडक स्प्रिंगा

वाजवायच्या पेटीची वरची फळी काढताना उपेंद्रच्या मनात चोरीचा विचार मुळीच नव्हता. त्याच्या मते ती साधी अदलाबदल होती. पेटीतल्या चार स्प्रिंगा खेळण्यातल्या गाडीला लावायच्या आणि गाडीतल्या चार पेटीला. दोन्हीकडे चारच्या चार राहणार होत्या. यात कुणाचं काय बिघडणार होतं? असं त्याने स्वतःलाच विचारलं, कारण उत्तर द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याचे वडील अण्णा वाचनालयात गेले होते आणि बायको नलू हळदीकुंकवाला.

उपेंद्र भोरला पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होता. दिवसभर कागदावर सरळ रेघा ओढल्या की संध्याकाळी त्याचे हात शिवशिवायला लागत. चांगली चाललेली वस्तू त्याला बघवत नसे. स्टोव्ह त्याने सुधारला, तेव्हापासून तो पेटवण्यापूर्वी नलू देवाला हात जोडी. मोरीच्या कडीत तर त्याने अशी सुधारणा केली होती, की पाहुणा आत जाण्याआधी त्याला बाहेर कसं यायचं ते शिकवावं लागे.

अशा माणसाच्या हाती एकोणऐंशी साली जपानची गाडी पडली. नलूचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने ती आणली. हातभर लांब, जाड रबरी चाकांची, सेलवर चालणारी. दोरी नाही, वायर नाही. हातात एक डबा धरायचा, त्याच्या दांड्या हलवायच्या, की पन्नास पावलांवरची गाडी वळायची, थांबायची, मागे यायची. खास खडबडीत जमिनीसाठी केलेली होती म्हणे. पण ती करणाऱ्या जपानी माणसाने भोरचा माळ पाहिलेला नव्हता. घरामागच्या माळावर तीन दगड ओलांडले, की चौथ्यावर गाडीचं पोट टेकायचं आणि ती नुसतीच चाकं फिरवत बसायची. माळाच्या मधोमध मातीचा एक बुटका बांध होता. तो बांध गाडीने उडी मारून ओलांडावा, एवढी एकच इच्छा उपेंद्रच्या आयुष्यात आता उरली होती.

त्याने साहेबरावांचा सल्ला घेतला. साहेबराव कामथडीचे, एसटी डेपोत मेकॅनिक. घाटात जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर स्प्रिंगांचे पाटे बसवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी गाडी उलटी केली, चाकांमागच्या आकड्यासारख्या वळवलेल्या तारा बोटाने दाबून पाहिल्या आणि मान हलवली.

"स्प्रिंगा मऊ हायत. पन असू द्या साहेब, कडक करू नका."

"का? कडक केल्या तर पोट टेकणार नाही."

"न्हाई टेकनार. पन दणका कुठंतरी जानारच की. स्प्रिंगीनं न्हाई घेतला तर सांगाडा घेनार. सांगाड्यानं न्हाई घेतला तर आतला मानूस घेनार."

"अहो, पण हिच्यात आत माणूस आहेच कुठे?"

साहेबरावांनी गाडी पुन्हा सुलटी केली. "तेबी खरंच," ते म्हणाले. उपेंद्रने तेवढंच लक्षात ठेवलं.

आता तशाच आकाराच्या, पण कडक स्प्रिंगा भोरमध्ये एकाच ठिकाणी होत्या. अण्णांच्या पेटीत, पट्ट्यांच्या खाली. अण्णा म्हणजे दीनानाथ मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी सहा वाजता ते पेटी घेऊन बसत. गेली वीस वर्षं ते कुंडलिकबुवांना साथ करत, आणि बुवांचा आवाज खालचा, भरड. त्यामुळे उजव्या टोकाच्या शेवटच्या चार पट्ट्यांपर्यंत अण्णांचा हात कधी जातच नसे. बाकीच्या पट्ट्या बोटं लागून पिवळ्या पडल्या होत्या, ह्या चार मात्र पांढऱ्याशुभ्र होत्या. उपेंद्रने त्याच निवडल्या. याला बेफिकिरी म्हणता येणार नाही. त्याने फार विचारपूर्वक चूक केली.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी माळावर निघाली. एक दगड, दोन दगड, चौथाही गेला. बांधाजवळ उपेंद्रने दांडी पूर्ण पुढे ढकलली आणि गाडी खरोखर उडाली. नेमके त्याच वेळी बांधापलीकडून कुंडलिकबुवा हातात टमरेल घेऊन परत येत होते. चार चाकांचं काहीतरी, आत कुणी बसलेलं नाही, अशा स्थितीत हवेतून आपल्याकडे येताना त्यांना दिसलं. बुवांनी जो वरचा सा लावला, तो गेल्या वीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता. भुताची भीती ओसरल्यावर त्यांना उपेंद्र दिसला. मग अर्धा तास त्यांनी उपेंद्रचा, गाडीचा आणि जपानचा एकत्रित उद्धार केला. घरी पोचेपर्यंत त्यांचा घसा पार बसला.

आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला बुवांचं गाणं होतं.

शनिवारी दुपारी वाचनालयाचा शिपाई गेनबा निरोप घेऊन आला. "मास्तर, बुवास्नी बोलताबी येईना. पोस्टमास्तरांच्या बाई गानार हायेत. साथीला तुमीच."

"सौदामिनीबाई? वा!" अण्णा खूश झाले. "गोड आवाज आहे. काळी पाचमध्ये गातात."

उपेंद्रने चहाचा कप खाली ठेवला. काळी पाच म्हणजे अण्णांचा हात उजवीकडे सरकणार. पेटी मात्र अण्णांनी झाकण लावून गेनबाच्या डोक्यावर दिलीसुद्धा होती. आता बोलायचं तर कारण सांगावं लागलं असतं. उपेंद्रने मनाची समजूत घातली, की सरकला तरी हात तेवढा काही सरकणार नाही.

हात तेवढाच सरकला. अर्धा तास सगळं ठीक चाललं. मग सौदामिनीबाईंनी द्रुत बंदिश धरली आणि तान घेत वर गेल्या. अण्णांची बोटंही मागोमाग गेली आणि पहिल्या पांढऱ्या पट्टीवर पडली. पट्टी खाली गेली, पण वर यायला तयार होईना. गाडीची मऊ स्प्रिंग तिला सावकाश, टेकत टेकत उचलत होती. तोवर दुसरी दबली, तिसरी दबली. बाई खाली उतरून समेवर आल्या, तरी वरचे तीन सूर एकमेकांत मिसळून रडतच होते.

बाईंनी गाणं थांबवलं. "मास्तर, सूर सोडा ना."

"सोडलाय हो मी," अण्णा कासावीस होऊन म्हणाले. "तोच मला सोडत नाहीये!"

सभागृहात हशा पिकला. अण्णांनी पुन्हा भाता मारला, पेटी पुन्हा रडली, लोक पुन्हा हसले. पुढचं सगळं गाणं बाईंनी नुसत्या तबल्यावर उरकलं. अण्णा हात मांडीवर ठेवून, स्वतःच्या बोटांकडे बघत बसून राहिले. तिसऱ्या रांगेतून एकदा उठून 'त्यांचा दोष नाही' एवढं म्हणता आलं असतं. उपेंद्र मूग गिळून बसला.

घरी येताना अण्णा म्हणाले, "पेटीचं काही नाही, बोटंच जड झाली रे. मला वाटतं मी उचलली, पण ती उचललेली नव्हती."

रविवारी अण्णा देवळात गेले, तेवढ्यात उपेंद्रने कडक स्प्रिंगा पुन्हा पेटीत लावून टाकल्या. पेटी पहिल्यासारखी झाली. आता संध्याकाळी अण्णा बसतील, वाजवतील, सगळं ठीक होईल. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. पण सहा वाजले आणि अण्णा पेटीकडे फिरकलेच नाहीत.

"अण्णा, वाजवून तर बघा."

"नको. भर सभेत बघितलं ना."

मग उपचार सुरू झाले. सकाळी नलू सासऱ्यांची बोटं नारायण तेलाने चोळी. संध्याकाळी सहा वाजता, पेटीच्या वेळेला, अण्णा मीठ घातलेल्या गरम पाण्याच्या परातीत हात बुडवून बसत. अपराधी वाटून ते पाणी उपेंद्र स्वतः तापवून आणी. नलूला नवऱ्याचं कौतुक वाटे. समाचाराला माणसं येऊ लागली. कुणी आपल्या काकांची बोटं कशी गेली ते सांगे, कुणी आधी बोटं आणि मग माणूस कसा गेला तेही सांगे. कुंडलिकबुवाही आले आणि बसलेल्या घशाने "आपलं दोघांचं संपलं, मास्तर," असं कुजबुजून गेले.

उपेंद्रने सगळं फक्त साहेबरावांना सांगितलं. साहेबरावांनी हातातला पाना खाली ठेवला.

"गुरुजींच्या पेटीतल्या? साहेब, आजच्या आज सांगून टाका."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी साहेबरावांनी विचारलं, "सांगितलंत?" तिसऱ्या दिवशीही विचारलं. मग उपेंद्र डेपोवरून जायचं टाळून लांबच्या रस्त्याने कचेरीत जाऊ लागला. पहिल्या दिवशी सांगणं अवघड होतं, पण आठव्या दिवशी त्याहून अवघड झालं होतं, कारण आता सात दिवसांचाही जाब द्यावा लागणार होता.

पंधराव्या दिवशी अण्णांनीच साहेबरावांना घरी बोलावून घेतलं. ओटीवर चादरीत बांधलेली पेटी होती.

"तुमच्या पुतण्याच्या, रतनच्या गायनपार्टीला पेटी नाही म्हणत होतात ना? ही घेऊन जा. माझ्याच्याने आता होत नाही."

साहेबराव पेटीला हात न लावता उभे राहिले. "नेतो गुरुजी. पन आदी साहेबास्नी इचारतो." ते उपेंद्रकडे वळले. "साहेब, नेऊ का पेटी?"

साधाच प्रश्न होता. नलू तेलाची वाटी घेऊन दारात उभी होती. अण्णा चादरीची गाठ कुरवाळत होते. उपेंद्रला ते पाहवेना.

"अण्णा, तुमच्या बोटांना काही झालेलं नाही," तो एका दमात म्हणाला. "स्प्रिंगा मी काढल्या होत्या. गाडीसाठी. तुमच्या पेटीत मऊ घातल्या. गाण्याच्या दुसऱ्याच दिवशी परत बसवल्या. पेटी चांगली आहे. तुम्हीही चांगले आहात."

"अगं बाई," नलू म्हणाली. "म्हणजे दोन बाटल्या तेल मी उगीचच चोळलं?"

अण्णांनी गाठ सोडली. भाता मारला. बोटं डावीकडून निघाली आणि पिवळ्या पट्ट्यांवरून पळत थेट त्या चार पांढऱ्या पट्ट्यांवर गेली. सूर स्वच्छ उमटले आणि जिथल्या तिथे थांबले. अण्णांचा चेहरा उजळला.

"चांगली आहेत की रे माझी बोटं!" ते हसले. साहेबराव हसले, नलू हसली. सुटल्यासारखा उपेंद्र सगळ्यांत मोठ्याने हसला. तेवढ्यात अण्णांचा भाता थांबला.

"स्प्रिंगांचं काही नाही," ते म्हणाले. "लहानपणी तू माझं घड्याळ उघडलंस, तेव्हा मी बोललो का काही? पण पंधरा दिवस मी परातीत हात बुडवून बसत होतो. आणि पाणी तू आणून देत होतास."

पंधरा दिवस सगळं ठाऊक असलेल्या साहेबरावांनीही मान खाली घातली.

अण्णांनी पुन्हा गाठ मारली. "न्या साहेबराव."

"आता कशाला गुरुजी? पेटीबी बरी, बोटंबी बरी."

"दिली म्हणजे दिली. पण वाजवायला दर गुरुवारी मी येईन, रतनला शिकवीन. तुमच्याकडे तिला कुणी उघडणार नाही ना?"

"न्हाई गुरुजी. मी पाना-पक्कड डेपोतच ठेवून येत जाईन."

पेटी गेली. अण्णा दर गुरुवारी पाचच्या गाडीने कामथडीला जाऊ लागले. रतनच्या पार्टीत ते असे रमले, की नलूला ते तिथल्या गाण्यांच्या चाली म्हणून दाखवत. रतनचा आवाज बुवांसारखाच खालचा होता. पांढऱ्या पट्ट्यांना तिथेही कुणाचा हात लागत नव्हता. उपेंद्रशी मात्र अण्णा बोलत नव्हते. रागावलेले दिसत नव्हते, वाढलेलं जेवत होते, फक्त बोलत नव्हते. रोज सहाला घर गप्प होई. उपेंद्रने मऊ स्प्रिंगा पुन्हा गाडीला लावल्या, तिचे सेल काढले आणि ती कपाटावर ठेवून दिली. कुणीतरी आपल्याला कचकचून शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटे. निदान बुवांनी दिल्या होत्या तशा.

तिसऱ्या गुरुवारी तो कचेरीतून लवकर सुटला आणि पाचच्या एसटीत चढला. पेटी ऐकायला आता त्याला कामथडीलाच जावं लागणार होतं. पुढच्या बाकावर अण्णा आणि ड्यूटी संपवून घरी निघालेले साहेबराव बसले होते. उपेंद्र त्यांच्याकडे न बघता थेट शेवटच्या बाकावर, मागच्या चाकाच्या वर जाऊन बसला. गाडी भोरच्या बाहेर पडली आणि पहिल्याच खड्ड्यात त्याचं डोकं टपाला लागलं.

साहेबरावांनी वळून पाहिलं. "साहेब, पुढं या की! हितं जागा हाय. मागं दणका लई बसतो!"

अण्णांनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"राहू द्या हो त्याला तिथेच," ते म्हणाले. "त्याला कडक स्प्रिंगा आवडतात."

अख्खी गाडी हसली. उपेंद्रच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, कारण तीन आठवड्यांत अण्णा त्याच्याविषयी बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. त्याने समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरली, आणि कामथडी येईपर्यंत तो मागेच बसून राहिला.