हमीद सरांच्या नोटिसा

आमच्या शेळीला नोटीस आल्ती. मला न्हाई, शेळीला. डाव्या शिंगाला सुतळीनं बांधलेली, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, निळ्या शाईत. शेळी डुलत डुलत घरी आली, अन् मला वाटलं कोणी हिचा सत्कार केला.

मला वाचता येत न्हाई. शाळेत मी एकदाच आत गेल्तो, तेबी पाऊस आल्ता म्हणून. माझी बायको सुमन सातवी शिकलेली. तिनं वाचलं, "सदर शेळीने माझ्या अंगणातला मोगरा खाल्ला. इन्फ्रिंज. हमीद सर."

"इन्फ्रिंज म्हंजी काय गं?"

"मला काय ठाऊक? शेळीला विचारा, तिच्या नावानं आलीय."

तवर शेळीनं नोटीसच खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरी आली, "नोटीस खाल्ली. व्हायलेट."

हमीद सर आमचे शेजारी. वडीगोद्रीला रोडच्या कडंला माझं पंक्चरचं दुकान, दुकानामागं घर, अन् घराला लागून सरांचं घर. सगळी जिंदगी हायस्कुलात इंग्रजी शिकवली, आता रिटायर. दोन अंगणांच्या मधी भिंत न्हाई. सर तिथं फक्कीची पांढरी रेघ मारतात, मैदानावर मारतात तशी, अन् पुसली की वाकून वाकून नवी करतात. येणाऱ्याला वाटतं, इथं आता खो-खो सुरू होणार.

दुनियेत किती गुन्हे हायेत, पण सरांकडं त्यांचे डबे दोनच. एक दिवस मी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसल्तो, अन् सरांनी समोर बसून मला शिकवलं.

"बबन, लोक दोन्ही लफ्ज एकच समजतात. बिलकुल न्हाई. ठरलेला नियम सरळ फोडला, ते व्हायलेट. दुसऱ्याच्या वाट्यात पाय घातला, त्याची जागा, त्याचा हक्क कडंकडंनं कुरतडला, ते इन्फ्रिंज. नियम तर माणूस जंगलात एकटाबी मोडू शकतो. इन्फ्रिंजला मात्र बाजूला कोणीतरी लागतो. बराबर?"

"बराबर, सर," मी म्हणलो. तसं मी गिऱ्हाइकालाबी 'हवा बराबर' म्हणतो, अन् ते पुढच्या फाट्यावरून गाडी ढकलत परत येतं.

पण मला त्याचा नादच लागला. माझी मोटारसायकल अशी लावलेली असायची की सरांचं दार अर्धंच उघडायचं. इन्फ्रिंज. 'थुंकू नये' लिहिलेल्या पाटीवर मी थुंकलो. व्हायलेट. तिथं काय लिहिलंय ते मला कसं कळावं, पण सर म्हणले, नियमाला तुझं अडाणीपण माहीत नसतं. सुमननं लसणाची फोडणी घातली की ठसका रेघ ओलांडून जायचा अन् सर तिकडून चार शिंका देऊन ओरडायचे, "इन्फ्रिंज! लेकिन चालू द्या, बेटी."

सगळ्यात मोठा गुन्हेगार आमचा शेवगा. त्याची एक फांदी पार सरांच्या अंगणात. तिकडं लागलेल्या शेंगा सर काठीनं काढायचे, जुडी बांधायचे, अन् बराबर रेघेवर ठेवायचे, वर नोटीस. सुमन त्या शेंगांची आमटी करायची अन् एक वाटी रेघेवरून तिकडं द्यायची. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन यायची, आत नवीन नोटीस. मी याला कटकट समजत होतो. अक्कलच तेवढी.

मंग अंबडच्या रोडला घोटाळा झाला. गाडीवर मी, माझा मेव्हणा अन् मेव्हण्याचा मेव्हणा. हवालदारानं अडवलं. मला वाटलं, इंग्रजी कामाला यावं तर आजच यावं. ह्या दोन्हीत मला इन्फ्रिंज जरा बारीक वाटायचं. छाती काढून म्हणलो, "साहेब, हे व्हायलेट न्हाई. नुसतं इन्फ्रिंज हाय."

हवालदाराला वाटलं, मी त्याला शिवी दिली.

उन्हात उभं केलं मला. दोन्ही मेव्हणे कवाच जीपात बसून पळाले. तेवढ्यात दुसऱ्या एका जीपातून कोण उतरावं? हमीद सर. मला वाटलं, सुटलो! सरांनी गाडी पाहिली, मला पाहिलं, अन् हवालदाराला म्हणले, "किती माणसं होती? तीन? अन् हेल्मेट? साफ व्हायलेट हाय, साहेब. इन्फ्रिंजचा इथं काही संबंध न्हाई. याला जल्दी सोडू नका."

माझं डोकंच फिरलं. घरी आलो, कोयता घेतला अन् शेवग्याची ती फांदी तोडून टाकली. शेळी बांधली. गाडी पार दुकानामागं लावली. म्हणलं, घ्या सर, आता काढा नोटीस.

नोटीस बंद.

पहिले दोन दिवस मी लई खुश. चौथ्या दिवशी सुमन भाकरी थापता थापता म्हणली, "आवं, सर बाहेर दिसले का?"

"बरंय की. शांतता हाय."

"शांतता! त्यांच्याशी बोलायला घरात कोण हाय? पोरगं हैद्राबादला. ते कवाचं म्हणून राह्यलंय, घर बंद करा अन् इकडं या. सर त्याला एकच सांगायचे, मला इथं शेजार हाय. काल खिडकीतून पाह्यलं, पलंगावर सुटकेस उघडी होती."

"मंग त्यात माझं काय चुकलं? मी त्यांना पाह्यजे तसंच वागलो."

सुमननं तवा उतरवला. सरांच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. "चाची होत्या तवा आपली शेळी मोगरा खायची का न्हाई?"

"रोज खायची. चाचीच बोलवून चारायच्या तिला."

"तवा एक तरी नोटीस आली?"

आली नव्हती. चाची गेल्या, अन् मंगच शेळीच्या शिंगाला पहिली नोटीस बांधून आल्ती. माझ्यासारख्याला हे कळायला बायको लागती.

मी उठलो, शेळी सोडली अन् म्हणलो, जा. जी शेळी दोर तोडून तिकडं पळायची, ती रेघेवर येऊन थांबली, शिकल्यासारखी. मी मागून ढकललं, ती हालंना. मंग मी पलीकडं जाऊन पुढून ओढली, तर दोर हातातून सुटला अन् मी मागच्या मागं मोगऱ्यात बसलो. शेळी आमच्याच बाजूला उभी, माझ्याकडं पाहून राह्यली.

दार उघडलं. सरांची दाढी वाढलेली.

"बबन, कोण कोणाला इन्फ्रिंज करून राह्यलंय?"

"मी, सर. शेळीचा यात काहीच दोष न्हाई."

सर आत गेले. मला वाटलं, कागद आणायला गेले. कागद तर आणलाच, पण खुर्चीबी आणली. रेघेजवळ आले, चष्मा नीट केला अन् खुर्ची अशी ठेवली की दोन पाय त्यांच्या अंगणात, दोन आमच्या. बसले. मांडीवर कॅलेंडरचं पान घेऊन लिहिलं अन् सुमनला दिलं.

सुमननं वाचलं, "हमीद सर रोज संध्याकाळी बबनच्या अंगणात खुर्ची घालतात. इन्फ्रिंज. तक्रारदार, बबन."

"रोज कुठं, सर?" मी म्हणलो. "आजच तर घातली."

सरांनी चष्मा पुसून परत डोळ्यावर चढवला.

"पुढचं आधीच लिहून ठेवलं," म्हणले. "अंगठा लाव."

मी लावला. पंक्चरवाल्याला शाईची गरज पडत न्हाई. सरांनी तो काळा ठसा उजेडात धरून पाहिला, कागदाची घडी केली अन् सदऱ्याच्या खिशात ठेवली.

सुमन आत गेली. लसणाची फोडणी बसली, ठसका रेघ ओलांडून गेला. सरांनी चार शिंका दिल्या अन् 'इन्फ्रिंज' न म्हणता खुर्चीत रेलून बसले. शेळी त्यांच्या खुर्चीखालून पलीकडं गेली.