साळूचं पाणवठ्याचं वेळापत्रक

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा कॉलेजांच्या पाट्या जास्त झाल्या होत्या. त्यातल्याच एका कॉलेजात साळिंदराची पोर साळू प्रोग्रामिंग शिकत होती.

आता प्रोग्रामिंग म्हणजे काय? तर संगणकाला एकेक पायरी नीट सांगायची. तो बिचारा सांगितलं तेवढंच करतो. वर शहाणपणा करत नाही.

साळू हुशार, पण सदा धास्तावलेली. एक जरी विषय राहिला, तरी कॉलेज सोडून घरी कंद उकरायला यायचं, असं बापानं बजावलं होतं.

प्रोग्रामिंग शिकवायचे बगळे सर. ते एकदा लांबच्या तळ्यावर तीन दिवसांचं शिबिर करून आले. वर्गात एका पायावर उभं राहून म्हणाले, "आजपासून मी शिकवणार नाही. तुम्ही गटागटानं शिकायचं. मी बघत राहीन."

आणि त्यांनी डोळे मिटले.

साळूच्या गटात एक माकड आणि एक हरिण आलं. काम मिळालं ते असं: पाणवठ्यावर कोणी कधी यायचं, त्याचं वेळापत्रक लावणारा प्रोग्राम लिहायचा.

"साळू, तू टाइप कर," माकड म्हणालं. "मी विचार मांडतो."

"आणि मी?" हरणानं विचारलं.

"तू मान हलव. सरांना सहभाग दिसला पाहिजे."

साळू आठवडाभर खपली. हरणं सकाळी, वाघ संध्याकाळी. दोघांची गाठ पडायची नाही, ही अट तिनं तीनदा तपासून पाहिली.

मग तपासणीला समिती आली. अध्यक्ष वाघोबा. त्यांनी वेळापत्रक पाहिलं आणि त्यांच्या मिशा खाली उतरल्या.

"ज्यानं त्यानं आपापलं यायचं? मग यात सहकार्य कुठंय हो बगळे?"

सरांनी दचकून दुसराही पाय खाली टेकला.

माकड चटकन पुढे झालं. "एवढंच ना साहेब? ती अट काढून टाकतो. सगळे एकाच वेळी!"

"अरे मेल्या, नको काढू!" साळू ओरडली. "हरणाचा जीव जाईल!"

"गटात भांडायचं नसतं, साळू," सर म्हणाले. "मत घ्या."

माकडानं हात वर केला. हरणानं एकदा वाघोबांकडे पाहिलं, एकदा साळूकडे. "जाऊ दे ना गं," ते पुटपुटलं. "पास झाल्याशी मतलब." आणि त्यानं मान हलवली.

प्रोग्राम चालला. संगणकानं एकही चूक दाखवली नाही. लगेच पाणवठ्यावर प्रात्यक्षिक झालं. सगळे गेले. हरिण तेवढं परत आलं नाही.

वाघोबांनी ओठ चाटत शेरा लिहिला, "इतकं पोटभर प्रात्यक्षिक या कॉलेजात आजवर झालं नव्हतं."

निकाल लागला. माकड पहिलं. हरिणही पास, मरणोत्तर. साळू मात्र नापास.

ती धावतच सरांकडे गेली. "सर, माझा प्रोग्राम बरोबर होता!"

"होता की गं," बगळे सर मायेनं म्हणाले. "पण तो तू एकटीनं लिहिलास."

तात्पर्य: बरोबर उत्तर एकट्यानं काढणं हा अप्पलपोटेपणा झाला. चूक सगळ्यांनी मिळून केली, की तिला शिक्षण म्हणतात. राहता राहिला जीव, तर तो शक्यतो दुसऱ्या गटातला असावा.